काट्याला न कळलेलं

काही लेखन दोन मिनिटांत वाचून होतं आणि पुढे कित्येक वर्षं मनातून हलत नाही. जानेवारी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेलं एक पान माझ्यासाठी तसं आहे. त्यावर एक छायाचित्र आहे, मोजके आकडे आहेत आणि जेमतेम एका परिच्छेदाचा मजकूर आहे. लेखक दोन: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. छायाचित्रात उभे आहेत तेही हेच दोघे. शीर्षक आहे ‘द वाय-वाय पॅराडॉक्स’.

रसग्रहण आपण कवितेचं करतो, कथेचं करतो. संशोधनाच्या पानाचं सहसा करत नाही. तिथे निष्कर्ष उचलायचा आणि पुढे जायचं, अशी आपली सवय. पण या पानात प्रतिमा आहे, अलंकार आहे, लेखकाचा स्वर आहे, आणि सांगितलेल्या गोष्टीमागे न सांगितलेली एक मोठी गोष्ट उभी आहे. कवितेपाशी थांबतो तसं त्याच्यापाशी थांबलं, तर ते आपल्याला सातारा-सांगलीच्या रानापर्यंत आणून सोडतं, असा माझा अनुभव आहे.

या पानाकडे मी वळले ती मामांमुळे. मामा वाळवा तालुक्यात ऊस आणि हळद करतात. मूळ गाव आटपाडीकडचं. लहानपणी घरचे सगळे पाण्याच्या बाजूला आले. अंग काटक, पोट खपाटीला नसलं तरी पुढे आलेलंही नाही. साठी ओलांडल्यावर एकदा रक्त तपासलं आणि साखर निघाली. मी भेटायला गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. दंडाची कातडी दोन बोटांत धरून मला दाखवत म्हणाले, “पोरी, जाड मानसाला साखर व्हती म्हंत्यात. माझ्या अंगावर बोटभर मास न्हाई. मग ही आली कुठनं?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना हे पान हाती आलं.

आधी शीर्षक पाहू. पॅराडॉक्स म्हणजे आपल्या काव्यशास्त्रातला विरोधाभास. वरवर पाहता दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढतात, आणि थोडं आत गेलं की दोन्ही खऱ्या असल्याचं कळतं. शाळेत अलंकार शिकवताना विरोधाभासाचं सौंदर्य ‘वाटणं’ आणि ‘असणं’ यांतल्या फटीत आहे, असं सांगतात. हे पान उभं आहे ते नेमकं त्याच फटीत. दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर एक, म्हणून वाय-वाय. आणि गंमत अशी की देवनागरीत लिहिलं तरी दोघेही ‘य’च राहतात. याज्ञिक आणि युडकिन. सारखेपणाची सुरुवात नावापासूनच झाली आहे. वाचकाला ते आधी सारखेपणाची खात्री देतात, म्हणजे पुढचा फरक चांगला उमटेल.

मग छायाचित्र. डावीकडे युडकिन, उजवीकडे याज्ञिक. दोघेही मध्यम बांध्याचे. रस्त्यात भेटले तर यांतला कोण जाड, असा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. खाली आकडा आहे: बॉडी मास इंडेक्स, दोघांचाही २२.३. म्हणजे किलोतलं वजन घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की दोघांचं उत्तर एकच येतं. काट्याच्या आणि फूटपट्टीच्या लेखी हे दोन पुरुष जणू एकच आहेत.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा आहे, अंगातल्या चरबीचा. युडकिन ९.१ टक्के. याज्ञिक २१.२ टक्के.

इथे वाचक थबकतो. टक्केवारी डोळ्यांसमोर उभी राहत नाही, म्हणून मी एकदा ती घरच्या मापात मांडून पाहिली. समजा दोघांचीही उंची १७० सेंटिमीटर आहे. मग २२.३ या हिशेबाने वजन चौसष्ट किलोंच्या आसपास येतं. त्यात एकाच्या अंगात सहा किलोंहून थोडी कमी चरबी आणि दुसऱ्याच्या अंगात साडेतेरा किलोंहून थोडी जास्त. फरक पावणेआठ किलोंचा. किराणा दुकानात तेलाचा पंधरा किलोंचा डबा मिळतो, त्याच्या अर्ध्याहून अधिक. एवढं तेल एका माणसाच्या अंगात जास्त आहे, आणि काट्याला त्याची दाद नाही. कारण तेवढंच स्नायूंचं आणि इतर ऐवजाचं वजन दुसऱ्याच्या अंगात जास्त आहे. वजन सारखं, साठा वेगळा.

हा आकडा ज्या यंत्राने दिला त्याचं नाव डेक्सा. माणूस टेबलावर आडवा पडतो आणि दोन वेगळ्या ऊर्जांचे सौम्य क्ष-किरण अंगातून पार होतात. हाड, स्नायू आणि चरबी त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्यावरून कशाचा किती वाटा ते समजतं. म्हणजे हे पान एका अर्थाने दोन नजरांची तुलना करतं: एक बाहेरून बघणारी, एक आत बघणारी. बाहेरून बघणाऱ्या नजरेचं वय मोठं आहे. वजन आणि उंचीच्या वर्गाचं हे गुणोत्तर बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडलं. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाच्या आजाराचं निदान करायचं नव्हतं. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि हळूहळू ते प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर जाऊन बसलं. लॅन्सेटच्या त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा आशियाई लोकांना हा निर्देशांक कसा लावावा यावरचा सविस्तर लेख आहे, आणि तो संपतो त्याच पानावर हे दोन ‘य’ उभे आहेत. आधीच्या पानांत जे तक्त्यांनी सांगितलं, ते इथे दोन माणसांनी सांगितलं आहे. कीर्तनात निरूपण झाल्यावर आख्यान लागावं, तसं.

आता मजकूर. तो थोडका आहे, आणि त्याचा स्वर फार लोभस आहे. फरक का पडला असेल, याची कारणं लेखक चाचपून पाहतात. पहिलं कारण राहणीमानाचं. युडकिन मॅरेथॉन धावतात. याज्ञिक स्वतःच्या व्यायामाबद्दल सांगतात ते असं की, रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते धावत जाऊन ती गाठतात. वाचताना आपण हसतो. पण या हसण्याला लेखकाने एक काम दिलं आहे. मधुमेहावर बोलणारा डॉक्टर एरवी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो आणि चुका अलीकडच्या खुर्चीतल्या माणसाच्या असतात. इथे डॉक्टर उठून अलीकडे आला आहे. त्याने स्वतःचं अंग नमुना म्हणून पुढे केलं, स्वतःचा आकडा छापला आणि मग बोलायला सुरुवात केली. पानाचं नैतिक वजन इथे आहे. रुग्णाला दोष देण्याची वाट या एका कृतीने बंद झाली.

आणि मग येतं ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हे पान पुन्हा पुन्हा उघडते. जनुकांचा वाटा अजून ठरायचा आहे, असं सांगून लेखक जाता जाता नोंदवतात की, आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाचा इथे संबंध असू शकतो. याज्ञिकांचं स्वतःचं जन्मवजन कमी होतं. बस, एवढंच. पन्नाशीच्या घरातल्या डॉक्टरच्या अंगातली आजची चरबी आणि तो जन्मला त्या दिवशीचं त्याचं वजन, या दोहोंमध्ये त्या वाक्याने दोरी बांधली. छायाचित्रात दोनच माणसं आहेत. या वाक्यानंतर मला तिथे तिसरी व्यक्ती दिसू लागते. ती छायाचित्रात नाही, तिचं नाव नाही. ती आई आहे.

या एका वाक्यामागे किती काम होतं, ते माहीत असलं की त्याचा थोडकेपणा अधिक भावतो. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत घरोघर जात होते. पोरीबाळींची लग्नं होत होती, दिवस जात होते. त्या बायकांचं खाणं, कामं, रक्त यांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या, आणि बाळ जन्मल्यावर त्याची मापं घेतली जात होती. शेतात राबणाऱ्या, बारीक चणीच्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंच्या आसपास. म्हणजे आपलं बाळ सुमारे आठशे ग्रॅमनी हलकं. यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडीची चिमटीभर घडी धरून जाडी मोजली, तेव्हा दिसलं की स्नायू कमी पडले आहेत, पोटातले अवयव लहान आहेत, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेली आहे. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ हा शब्द जगभर गेला. दिसायला रोड, आतून चरबीचं. मामांनी माझ्यापुढे दंडाची चिमूट धरली होती आणि संशोधकांनी बाळाच्या पाठीची; दोन्ही चिमटी एकच प्रश्न विचारत होत्या.

गर्भ असं का करत असेल? डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९२ मध्ये एक तर्क मांडला होता. पोटात असताना अन्न कमी मिळालं की गर्भ काटकसर शिकतो. जे सर्वांत गरजेचं ते आधी वाचवायचं, स्नायूंवर खर्च कमी करायचा, साठवता येईल ते साठवायचं. बाहेर दुष्काळ आहे असं गृहीत धरून तो स्वतःला घडवतो. पुढे दुष्काळच मिळाला तर ही काटकसर तारते. सुबत्ता मिळाली तर तीच अंगावर उलटते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील तर साखर जाणार कुठे? मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. साखर त्यांच्या अंगावरच्या मासातून आलेली नव्हती. मास पुरेसं नसणं, हेच तिचं एक कारण असू शकत होतं.

या सगळ्या खटाटोपाला शास्त्रात ‘मेटाबॉलिझम’ म्हणतात. आपला शब्द आहे चयापचय, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. ग्रीकातून आलेल्या त्या शब्दात नुसता ‘बदल’ आहे. आपल्या शब्दात चय आहे आणि अपचय आहे: साठणं आणि झिजणं, बांधणं आणि मोडणं. उच्चारातच दोन्ही पाय एकामागोमाग पडतात. हा शब्द आपण शाळेतल्या जीवशास्त्रात शिकतो आणि तिथेच सोडून येतो. खरं तर तो रानातही लागू आहे, नदीलाही लागू आहे.

हे मी उपमा म्हणून म्हणत नाही. त्या सहा गावांतल्या अभ्यासातच तसा दुवा आहे. तिथल्या सुमारे दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळलं. आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर मूल सहा वर्षांचं होईतो त्याच्या अंगात इन्सुलिनला दाद न देण्याची खूण अधिक दिसते, हे त्याच गटाने २००८ मध्ये मांडलं. हे बी-१२ येतं कुठून? ते झाड बनवत नाही, गाय बनवत नाही, माणूसही बनवत नाही. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईम्हशीच्या पोटात, चारा कुजवणाऱ्या पहिल्या कप्प्यात, ते तयार होतं, आणि त्यासाठी कोबाल्ट लागतं. कोबाल्ट येतं चाऱ्यातून, चाऱ्यात येतं मातीतून. माती, वैरण, म्हशीच्या पोटातले जिवाणू, दूध, आई, पोटातलं बाळ, अशी ती साखळी आहे. आपल्याकडे सकाळी धार काढली की चरवी आधी डेअरीकडे जाते, घरातल्या बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं. साखळीतली ही कडी कुठे सुटते ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच गावांत असंही दिसलं होतं की, ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध अधिक, त्यांची बाळं अधिक भरलेली; आणि ज्यांच्यावर कष्टाचा भार अधिक, त्यांची लहान.

म्हणून हे पान वाचून झाल्यावर मी मामांच्या रानात गेले, तेव्हा माझी नजर बदललेली होती.

वाळव्याकडचं काळं रान. पाऊस संपून थंडी पडली होती. बांधावर उभं राहून मामांनी खालच्या अंगाचा पट्टा दाखवला. वर ऊस पुरुषभर उंच, गर्द. खाली मात्र तो गुडघ्याएवढाच, पानांची टोकं करपलेली. सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशी यावी तसा थर. मामांनी खाली बसून चिमूटभर उचललं, जिभेला लावलं आणि थुंकलं. “मीठ फुटलंय. ह्या तुकड्यात माझ्या बापानं शाळू काढलाय. पाट आला, तवापास्नं नुसतं पाणीच पाणी. वरनं रान हिरवं दिसतंय, आत बसलंय बघ.”

आत बसलंय. चरबीच्या त्या दुसऱ्या आकड्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

हे मीठ येतं कसं? कोणतंही पाणी निव्वळ पाणी नसतं, त्यात थोडे क्षार असतातच. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एकरी सुमारे ऐंशी लाख लिटर होतं आणि त्यातून चार टन क्षार रानात येतात. ऊस पाणी पितो, पानांवाटे हवेत सोडतो. क्षारांतला फारच थोडा भाग उचलतो. पाणी जातं, मीठ राहतं. पावसाने ते धुऊन खाली जावं, तर काळी माती चिकण आणि दाट. तिच्यातून पाणी झरत नाही. खालची पातळी वर चढते, उन्हात वाफ होताना मीठ पृष्ठभागावर आणून ठेवते. त्यात सोडियमचा वाटा वाढला की मातीचे कण एकमेकांना सोडतात, छिद्रं बुजतात. ओली असताना चिखल, वाळली की दगड. त्याला आपल्याकडे चोपण म्हणतात. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत असे पट्टे आहेत.

आता पानावरचं ते गुणोत्तर पुन्हा आठवा. किलो भागिले मीटरचा वर्ग: वजन भागिले क्षेत्र. आपल्याकडे रानाची प्रतिष्ठा कशात मोजतात? एकरी टनात. तेही वजन भागिले क्षेत्र. दोन्हीकडे काटाच बोलतो. दवाखान्यातला काटा आणि कारखान्याच्या दारातला काटा. एकरी शंभर टनांचं स्वप्न बघणाऱ्या दोन शेतकऱ्यांचा उतारा एका वर्षी सारखा येईल, आणि तरी एकाच्या मातीत सेंद्रिय कर्ब भरपूर, क्षार कमी. दुसऱ्याच्या मातीत कर्ब झिजलेला, क्षार साठलेले. कर्ब म्हणजे जमिनीचे स्नायू म्हणा: त्यावर सूक्ष्मजीव जगतात, त्यानेच माती कणीदार राहते, पाणी धरते आणि सोडतेही. खोडव्याला पाचट जाळलं, शेणखत कमी पडलं, उसावर ऊस घेतला, की तिथे अपचय होतो. आणि पाण्याबरोबर नको त्याचा चय होतो. रोड आणि चरबीचं बाळ असतं, तशी रोड आणि खारी जमीन असते. वरून दोन्ही हिरव्या.

सातारा-सांगलीचा भूगोल बघितला की हे कोडं आणखी गडद होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माण, खटाव, आटपाडीकडे जेमतेम पाचशे. पिढ्यान् पिढ्या या पूर्वेच्या पट्ट्यातली माणसं आणि माती दोन्ही कमी पाण्यावर, कमी अन्नावर घडली. मग पाणी आलं. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला. पुढे कोयना, मग उपसा योजना. पाणी हवंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसाला पाणी कशाला हवं, असं विचारण्याचा अधिकार कुणाला नाही. पण टंचाईत घडलेल्या देहाला आणि टंचाईत घडलेल्या जमिनीला सुबत्ता कशी पचवायची, ते आपण शिकवलं नाही. पाट दिला, निचरा दिला नाही.

उपमा किती ताणायची, याची मर्यादा हे पानच शिकवतं. त्याने कारणांची खात्री दिली नाही, शक्यता नोंदवली. मातीला आई नसते. मीठ मातीने साठवलेलं नसतं, आपण ओतलेलं असतं. आणि गर्भाने राखलेली चरबी हा दोष नाही; तो त्याचा शहाणपणा होता. पण प्रश्न विचारण्याची रीत मात्र दोन्हीकडे एक आहे: किती आहे, हे विचारून थांबायचं नाही, कुठे आहे आणि वाट मोकळी आहे का, ते विचारायचं.

नदीच्या बाबतीत तर शास्त्राने मोजमापही तेच घेतलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनिपिगला बर्फाच्या भांड्यात ठेवून दाखवलं की श्वास म्हणजे सावकाश चाललेलं जळणं. तेव्हापासून जिवंतपणाचा खर्च प्राणवायूत मोजतात. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला पाव लिटर प्राणवायू वापरतो. नदीचं पाणीही तसंच तपासतात. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची. आतले जिवाणू घाण खातात आणि प्राणवायू वापरतात. किती वापरला, तो आकडा म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला तीन मिलिग्रॅमपलीकडे जाऊ नये, असा नियम आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या द्रवाचा बीओडी चाळीस हजारांवर जाऊ शकतो. कोमट पाण्यात प्राणवायू विरघळतो लिटरला आठ मिलिग्रॅम. म्हणजे तो द्रव एक लिटर नदीत सुटला तर पाच हजार लिटर पाण्याचा श्वास संपवू शकतो. हरिपूरच्या संगमावर, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथे काठाला मेलेले मासे लागलेले मी पाहिले आहेत. मासे विषानेच मरतात असं नाही. पाण्यात श्वास उरला नाही, तरी मरतात. वरून नदी भरलेलीच दिसते.

याला उत्तर आहे, आणि ते हताश होण्यासारखं नाही. चोपण रानात मीटरभर खोल छिद्रांच्या नळ्या घालून निचरा काढतात, जिप्सम टाकून सोडियम हुसकावतात, ताग-धैंचा गाडून कर्ब वाढवतात, पाट सोडून ठिबकवर येतात. कृष्णाकाठी ही कामं होत आहेत आणि मिठाने पडीक पडलेली रानं पुन्हा पिकाखाली आली आहेत. देहाच्या बाबतीत मार्ग याहून वेगळा नाही: स्नायू जागे ठेवायचे, जेवणानंतरच्या साखरेला जागा करून द्यायची. आणि सर्वांत आधी, पोटुशी बाईच्या ताटात दूध आणि पालेभाजी ठेवायची, तिच्या डोक्यावरची घागर उतरवायची. दोन ‘य’च्या पानावरचं ते जाता जाता लिहिलेलं वाक्य हेच सांगतं. निचऱ्याचं काम वरच्या अंगापासून सुरू होतं.

परत जाताना मी मामांना ते छायाचित्र दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. कोण कोणता ते विचारलं. आकड्यांवर बोट ठेवून मी समजावलं आणि शेवटी त्या जन्मवजनाच्या वाक्याचा अर्थ सांगितला. मामा गप्प राहिले. मी विचारलं, “तुमचं किती होतं, मामा?”

“आमचं कोन वजन करतंय?” ते म्हणाले. मग चष्मा काढून कपाळावर ठेवत, आठवून आठवून बोलले, “आई सांगायची. साल वाईट हुतं. पाचवीच्या दिवशी सुपात घातला, तर सूप निम्मं रिकामं ऱ्हायलं व्हतं म्हनायची.”

ओसरीच्या कोपऱ्यात तूर पाखडायला काढलेलं एक सूप टेकून ठेवलेलं होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो.